प्लॉट घेताय? आधी ग्रामपंचायतीत डोकवा!

शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही ऑफिसातून निघायच्या बेतात असता आणि मोबाइलवर मेसेज टपकतो. 'हायवे टच प्लॉट! शेवटचे पाच शिल्लक!' पुण्यातल्या वन बीएचकेचा हप्ता ऐकून आधीच घाम फुटलेला असतो. मग दौंडपलीकडचा एक गुंठा एकदम स्वस्त आणि मस्त वाटायला लागतो.

काष्टीचंच उदाहरण घ्या. दौंड सोडून भीमा ओलांडली की अहिल्यानगर, म्हणजे आपलं जुनं नगर, जिल्हा लागतो. तिथल्या श्रीगोंदा तालुक्यातलं हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. रेल्वे स्टेशन आहे, दौंड-नगर रस्ता आहे. म्हणजे ब्रोशर छापायला लागतं ते सगळं आहे! पण अशा गावात फ्लेक्सवर 'टाउनशिप' लिहिलं, तरी नळ, गटार आणि दिवाबत्ती शेवटी ग्रामपंचायतीच्याच गळ्यात येते. म्हणून सेल्समनच्या आधी तिला भेटा.

सगळ्यात मोठा लोचा कागदांचा असतो. 'ग्रामपंचायतीची एनओसी आहे साहेब,' असं ऐकलं की आपण निवांत होतो. होऊ नका. गावठाणाबाहेरच्या शेतजमिनीवर प्लॉट पाडायचे तर मंजूर लेआउट लागतो. तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो आणि त्यात नगररचना विभागाचा सल्ला घेतला जातो. २०१७ साली गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला बिनशेतीचा मार्ग सोपा झाला, पण तेव्हा तिथेही आकारणी भरावी लागायची. सरपंचांच्या सहीचा दाखला म्हणजे मंजूर लेआउट नव्हे. तसंच ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा घरपट्टीसाठी असतो. त्यावर नाव लागलं म्हणून जागा आपली होत नाही.

आता एक साधं गणित. एक एकर म्हणजे ४० गुंठे. कुणी एका एकरात गुंठ्या-गुंठ्याचे ४० प्लॉट विकत असेल, तर त्याला प्रेमाने विचारा, 'दादा, रस्ता कुठंय?' २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार ४० गुंठे किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. रस्ते वेगळे. ती जागा नकाशावर दिसली नाही, तर उद्या तुमच्या पोरांचं क्रिकेट बांधावर आणि सांडपाणी शेजारच्या शेतात!

घर बांधायचं असेल तर एक चांगली बातमी आहे. २०२१ साली ग्रामविकास विभागाने ग्रामीण भागातली परवानगी सोपी केली. साधारण १६०० चौरस फुटांपर्यंतच्या घरासाठी मालकीची कागदपत्रं, नकाशे आणि परवानाधारक इंजिनीअरचा दाखला ग्रामपंचायतीला द्यायचा आणि शुल्क भरायचं. ३२०० फुटांपर्यंत ग्रामपंचायत कागद तपासून बांधकाम सुरू करण्याचा दाखला देते. पण नियम सोपा झाला म्हणून जागेचा घोळ मिटत नाही.

आता खरी गंमत. हे अर्ज ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत येतात आणि त्यावर जाब विचारायची जागा म्हणजे ग्रामसभा. वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. कोरम किती? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी असेल तो. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही! म्हणजे हजारोंच्या गावात नवीन वसाहतीला पाणी कुठून द्यायचं, हे पारावरच्या मोजक्या डोक्यांसमोर ठरू शकतं.

तुमचं नाव पुण्याच्या मतदार यादीत असेल, तर तिथे तुम्हाला मत नाही. पण गावात आईबाबा, काका, चुलतभाऊ असतातच ना? पुढची ग्रामसभा कधी आहे ते त्यांना विचारा आणि त्यांना तीन प्रश्न देऊन पाठवा. लेआउट मंजूर आहे का? नसेल तर ग्रामपंचायतीने ना-हरकत कशी दिली? आणि या वसाहतीचं पाणी नि सांडपाणी कुणाच्या वाट्याला जाणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. तोंडी शब्द चहाबरोबर विरघळतो, बॉस!

हे फक्त तुमच्या पैशांसाठी नाही. जो गुंठा तुम्हाला इन्व्हेस्टमेंट वाटतो, त्याच्या शेजारी कुणाची तरी विहीर आहे. उन्हाळ्यात टँकर आला, तर नव्या वसाहतीतले आणि जुन्या वस्तीतले एकाच रांगेत हंडा घेऊन उभे राहणार आहेत. टोकन देण्याआधी एक शनिवार काढा आणि काष्टीला जाऊन या. बाजारात बैल घेणारा शेतकरीसुद्धा आधी दात बघतो. तुम्ही निदान लेआउटचा नकाशा तरी बघा!