धरायला मोजले, द्यायला गाळले

रहिमतपूरसारख्या बाजारपेठेच्या गावात जनगणनेचा विषय निघाला की एखादा जाणता गृहस्थ हमखास म्हणतो, "शिरगणती करावी तर इंग्रजांनीच!" आगामी जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारने 30 एप्रिल 2025 रोजी जाहीर केला. तेव्हापासून 1931 च्या कोष्टकांना तर वेदवाक्याची प्रतिष्ठा लाभली आहे. ही भक्ती भाबडी आहे, आणि भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत ती घातकही आहे.

इंग्रज सरकार माणसे दोन वह्यांत मोजत असे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि 1872 साली देशातील पहिली शिरगणती पुरी झाली. ही दोन भावंडे एकाच घरात जन्मली. 1911 च्या कायद्याने पहिल्या वहीचा अंमल मुंबई इलाख्यावरही आला. जमातीतील माणसाचे नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे घ्यायचे, हद्द ओलांडायची तर परवाना मागायला लावायचे! सातारा जिल्ह्यातील मांग-रामोशांच्या कपाळी आलेली हजेरी अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'च्या वाचकांना सांगायला नको. शेजारच्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 साली हजेरीची ही प्रथा बंद केली. इंग्रजी मुलखातील माणसाची मान मात्र स्वराज्य आल्यावरही काही काळ त्या कायद्याखाली अडकून राहिली.

या वहीत माणूस चुकत नसे. आणि दुसऱ्या वहीत? शिरगणती घराला बांधलेली होती. आधी घरांवर आकडे घालायचे आणि मग ठरलेल्या एका रात्री त्या आकड्यांमागची माणसे टिपायची. ज्याचे घर गाढवाच्या पाठीवर, त्याच्यावर आकडा कोठे घालणार? वाटसरूंसाठी आणि तळांसाठी वेगळे नियम होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण नियम अमलात आणणारा मोजणीदार बहुधा गावचाच बिनपगारी कामकरी. गावकुसाबाहेरच्या पालाकडे रात्री जाऊन, माणसामाणसाची विचारपूस करून लिहिण्याची आच त्याला कितीशी असणार? आणि ज्यांच्या लेखी सरकारी कागद म्हणजे बेडी, ते आपले खरे नाव, खरी जात कशाला सांगतील? हजेरीला जो माणूस एक इसम म्हणून पक्का धरला जातो, तोच शिरगणतीत अंदाजावर सोडला जातो. याला चूक म्हणता येत नाही. राज्यकर्त्यांच्या गरजेचा तो हिशेब आहे.

सातासमुद्रापलीकडेही हेच घडले. न्यूझीलंडमध्ये 1857-58 साली फेंटन या अधिकाऱ्याने माओरींची मोजणी केली. पुढेही माओरींची गणती गोऱ्यांहून वेगळी ठेवली गेली आणि सरकारी माणसाला जेथे पाऊल टाकता येत नव्हते तेथील आकडे अंदाजाने भरले गेले. अशा आकड्यांच्या आधारावर ही जमात नामशेष होणार, असे भाकीत गोरे पंडित करीत राहिले. आज माओरी त्या देशाच्या लोकसंख्येच्या सहाव्या हिश्शाहून अधिक आहेत!

पण सारा दोष इंग्रजांच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. 1951 पासून स्वतंत्र भारताने अनुसूचित जाती-जमाती तेवढ्या मोजल्या. परिणाम पाहा. विदर्भातील बहुतेक जिल्ह्यांत कैकाडी समाज अनुसूचित जातींत आहे, म्हणून नागपूरचा कैकाडी दर दहा वर्षांनी मोजला जातो. सातारा जिल्ह्यातील त्याचा भाऊबंद विमुक्त जातींत, म्हणून त्याची वेगळी मोजदादच नाही! महाराष्ट्र सरकारच्या यादीत 14 विमुक्त जाती आणि 28 भटक्या जमाती आहेत. त्यांची आजची खरी संख्या सांगू शकेल असे एकही कोष्टक सरकारजवळ नाही. 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतील जातींचे आकडेही प्रसिद्ध झाले नाहीत. घरकुल मागायला गेले की पुरावा मागायचा, आणि पुरावा निर्माण होऊ द्यायचा नाही, असा हा खाक्या आहे.

आता 2027 ची जनगणना येत आहे. 1 मार्च 2027 ही तिची आधारतिथी ठरली आहे, म्हणजे माणसे मोजण्याचे काम फेब्रुवारीतले. फेब्रुवारीत कोरेगाव तालुक्यातील उसाच्या फडांवर काय दृश्य असते? बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या उभ्या असतात. गावी त्यांच्या दाराला कुलूप, येथे दारच नाही! ही माणसे त्या दिवसांत जेथे आहेत तेथेच मोजली गेली पाहिजेत. येथे गळली तर ती देशातूनच गळली. मोबाइलवर आपली माहिती आपण भरण्याच्या सोयीचे कौतुक चालू आहे; ते पालातल्या म्हातारीला ऐकवून काय उपयोग?

म्हणून आमचे मागणे सरळ आहे. विमुक्त आणि भटक्यांची नोंद जमातवार आणि स्वतंत्र व्हावी. प्रत्येक पाल, प्रत्येक कोपी, वीटभट्टीवरची प्रत्येक झोपडी मोजणीच्या नकाशावर यावी. मोजणीदारांबरोबर त्या त्या समाजातील शिकलेली मुले-मुली असावीत, आणि आकडे तालुकावार प्रसिद्ध व्हावेत. रहिमतपूरच्या कार्यकर्त्यांनी सरकारची वाट पाहू नये. आपल्या शिवारातील पालांची आणि कोप्यांची यादी आजच करावी आणि ती तहसीलदारांच्या हाती द्यावी. हजेरीच्या वहीत ज्यांचे एकही नाव सुटत नव्हते, त्यांचे नाव हक्काच्या वहीत सुटले, तर तो दोष या वेळी कोणत्याही गोऱ्या साहेबाचा नसेल.