भोगवर्धनाचा वारसा

जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे सातवाहनकालीन भोगवर्धन. नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी १९७३ साली तेथे संयुक्त उत्खनन केले. भोकरदनच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे, इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीशी असलेले साम्य विद्वानांनी दाखविले आहे. ज्या भूमीची कला रोमन साम्राज्यापर्यंत पोचली असावी, तेथील विद्यार्थ्यांस तिचे दर्शन पुस्तकातील चित्रापुरतेच राहू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात इतिहास वस्तुसंग्रहालय आहे. परंतु संग्रह जपणे हे निम्मेच कार्य होय. तेथे दर सत्रास नवे प्रदर्शन मांडावे व पुढे ते जालन्याच्या महाविद्यालयांतून फिरवावे, अशी आमची मागणी आहे. हस्तिदंत नाजूक खरा. त्याच्या जागी प्रतिकृती चालेल. सबब मात्र चालणार नाही.