लपवावे लागणारे मातृत्व

हरेगावच्या मतमाउलीपुढे अपत्यासाठी पदर पसरणाऱ्या भगिनीला ‘वांझ’ म्हणून हिणवायचे आणि उपचारांनी तिची कूस उजवली की ‘पाप’ म्हणून कुजबुजायचे, हा कुठला ख्रिस्ती धर्म?

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून परीक्षानलिकेतील गर्भधारणेचे बालक जन्मले. १९८७ साली रोमने ‘दोनुम वीते’ या पत्रकाद्वारे ही पद्धत नाकारली. ती शिकवण मला शिरोधार्य आहे. परंतु असे जन्मलेले मूलही ईश्वराची देणगी म्हणूनच स्वीकारावे, असे तेच पत्रक बजावते. ते मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो.

अशा गरोदरपणात रक्तदाब वाढणे, वार खाली असणे, प्रसूतीत अतिरक्तस्राव होणे यांचा धोका अधिक असतो. एकाहून अधिक गर्भ रोवले तर जुळी-तिळी आणि अकाली प्रसूती यांची भर पडते. म्हणूनच प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना उपचारांची पूर्वकल्पना हवी. आपल्या कुजबुजीच्या धाकाने तिने ती लपवली आणि ऐन वेळी रक्ताची सोय झाली नाही, तर दोष कुणाचा?

बंधुभगिनींनो, तत्त्वाची शिकवण वेदीवरून होऊ द्या. बाळंतिणीच्या दाराशी मात्र न्यायाधीश नव्हे, रक्तदाते म्हणून उभे राहा.