हातचा कुठून आला, हे सांगता आलंच पाहिजे!

डी.एल.एड.च्या वर्गात आज बसलेल्या भावी गुरुजींनो आणि बाईंनो, हे आवाहन तुम्हाला आहे. उद्या पहिली-दुसरीचा वर्ग तुमच्या हाती येईल. त्या मुलांकडून पहिली बेरीज तुम्ही करून घ्याल, पहिला हातचा तुम्ही शिकवाल. एखादं पोर विचारेल, “बाई, हा एक वर का लिहायचा?” त्याला “तशी रीतच आहे, लिही” असं सांगून गप्प बसवणार नाही, हा निश्चय आजच करा.

या निश्चयाची गरज किती आहे ते पाहा. ग्रामीण मुलांचं शिक्षण तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम एक तृतीयांश मुलांना वजाबाकी आली. पाचवीच्या मुलांपैकी भागाकार जमला तो साधारण ३१ टक्क्यांना. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत संख्याज्ञान मिळावं, हे उद्दिष्ट २०२६-२७पर्यंत गाठायचं, असं निपुण भारत अभियानाने ठरवलं आहे. उद्दिष्ट सरकार ठरवतं. ते गाठायचं असतं वर्गात, आणि वर्गात उभे असणार तुम्ही.

ही मुलं मठ्ठ नाहीत. बाजाराच्या दिवशी आईशेजारी बसून भाजी विकणारी मुलगी सुटे पैसे चोख परत देते. वर्गात तीच अडखळते, कारण तिथे तिला रीत मिळते, रीतीमागचं कारण मिळत नाही. ३८ आणि २७ यांची बेरीज करताना मूल आठ नि सात पंधरा लिहितं, शेजारी तीन नि दोन पाच लिहितं आणि उत्तर देतं ५१५. त्यावर लाल फुली मारायला शिक्षक कशाला हवा? पंधरा सुट्या काड्यांतल्या दहांचा गठ्ठा बांधून घ्यायचा, तो दशकाच्या घरात ठेवायला लावायचा आणि हातचा एक म्हणजे हाच गठ्ठा, हे त्या इवल्या हातांना कळू द्यायचं, यासाठी शिक्षक हवा. मूल ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहितं, कारण कानावर आधी सात पडतात. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा वाद झाला! डॉ. मंगला नारळीकरांच्या गणित समितीने दाखवलेली ती अडचण खरी होती. वाचनाची पद्धत कोणतीही स्वीकारा, पण दशक आणि एकक यांची ओळख पक्की करून देण्याची जबाबदारी तुमच्यावरून हटत नाही.

संख्येचा आणि क्रियांचा अर्थ उलगडायचा, तर आता संचांकडे या. आपल्याकडे नववीच्या बीजगणितात पहिलंच प्रकरण संचांचं आहे. परीक्षेपुरतं ते शिकून आपण विसरून जातो. खरं तर अंगणवाडीतलं मूल प्रत्येक वाटीशेजारी एकेक चमचा ठेवतं, तेव्हाच ते एकास एक संगती लावत असतं. ‘पाच’ हा गुण एकेका चिंचोक्याचा नसतो, साऱ्या संचाचा असतो. म्हणून चिंचोके पसरले काय, गोळा केले काय, पाच ते पाचच. मुलाला हे उमगायला वेळ लागतो, हे मानसशास्त्रज्ञ पियाजेने दाखवून दिलं. तो वेळ त्याला द्या.

वर्गातली १२ मुलं कबड्डी खेळतात आणि ९ मुलं खो-खो. मग खेळाडू २१ ना? त्यातली ४ मुलं दोन्ही खेळत असतील, तर खेळाडू १७च. दोन संचांत सामाईक काही नसेल, तेव्हाच सरळ बेरीज चालते. वजाबाकीलाही एकच अर्थ नाही. राधाकडे ८ मणी आणि सलमाकडे ५, तर राधाकडे किती जास्त? इथे कुणी काही काढून घेतलेलं नाही. इथे जोड्या लावायच्या आणि जोडीविना उरलेले मणी मोजायचे. १२ लाडू ३ मुलांना वाटणं वेगळं आणि तीन-तीन लाडवांच्या पुड्या बांधणं वेगळं. दोन्हींचं उत्तर चार असलं, तरी एकात मिळतात चार लाडू, दुसऱ्यात चार पुड्या. हे अर्थ ज्या शिक्षकाला उलगडले नाहीत, त्याची मुलं शाब्दिक उदाहरण दिसलं की “बाई, बेरीज करू की वजाबाकी?” असंच विचारत राहणार.

एक सावधगिरी मात्र हवी. १९६०च्या दशकात अमेरिकेने ‘न्यू मॅथ’ या नावाने संचांची परिभाषा थेट लहान मुलांच्या पुस्तकांत आणली. शिक्षकांची पुरेशी तयारी नव्हती, पालकही भांबावले आणि तो प्रयोग मागे पडला. म्हणून मुलांच्या हाती मणी, काड्या, चिंचोके द्या. संचांची स्पष्ट समज तुमच्या डोक्यात असू द्या.

शिक्षकाची ही समज किती मोलाची, ते एका अभ्यासात दिसतं. गणित-शिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांनी १९९९च्या आपल्या पुस्तकात २३ अमेरिकी आणि ७२ चिनी शिक्षकांचा अभ्यास मांडला. त्यातला एक प्रश्न होता : पावणेदोनला अर्ध्याने भागा. चिनी शिक्षकांपैकी सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं. अमेरिकी शिक्षकांतल्या निम्म्यांनाही बरोबर उत्तर काढता आलं नाही, आणि त्यावर अर्थपूर्ण गोष्ट तर त्यांच्यातल्या एकालाच रचता आली. आपण रचू या : पावणेदोन लिटर दूध आहे, अर्ध्या लिटरच्या पिशव्या भरायच्या, तर किती भरतील? साडेतीन. पावकी, निमकी, दिडकी, औटकी तोंडपाठ करणाऱ्या समाजाची आपण लेकरं आहोत. त्या पाठांतराला अर्थाची जोड द्यायचं काम आपल्यासाठी राहिलं आहे.

व्यवस्था तुम्हाला याची सक्ती करणार नाही. शिक्षक पात्रता परीक्षेच्या (टीईटी) पहिल्या पेपरात १५० पैकी गणिताला ३० गुण आहेत आणि खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण व्हायला ९० पुरतात. उरलेल्या १२० गुणांतून ते ९० मिळवले, तर गणिताला हात न लावताही पात्रता मिळते. म्हणून ही सक्ती तुम्ही स्वतःवर करून घ्या. आठवड्यातून एकदा चौघे-पाच जण एकत्र बसा, एकच रीत घ्या आणि तिचं कारण एकमेकांना समजावून सांगा. उसना घेताना नेमकं काय घडतं? २०५मधलं शून्य कोणत्या घराची राखण करतं? सहाला शून्याने का भागता येत नाही? शून्याने गुणून सहा देणारी संख्या सापडते का, शोधा. आपल्या प्राध्यापकांना विचारा, पुन्हा विचारा आणि समाधान होईपर्यंत विचारत राहा.

१८८२मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी प्रशिक्षित शिक्षक मागितले आणि प्राथमिक शिक्षणात वाचन-लेखनाबरोबर हिशेबही मागितला. ज्याला हिशेब कळत नाही त्याला कोणीही लुबाडू शकतं, हे कुळांची आणि शेतकऱ्यांची दैना जवळून पाहिलेल्या त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. कर्जाचं व्याज, मजुरीचा हजेरीपट, खताच्या पिशवीवरचं वजन यांचा हिशेब आजही गरिबालाच टाळता येत नाही. तो त्याला लहानपणीच कळावा, ही फुल्यांची मागणी पुरी करण्याची पाळी आता तुमची आहे.

उठा, हाती खडू घेण्याआधी प्रतिज्ञा करा : ज्याचं कारण मला सांगता येत नाही, असा एकही नियम मी फळ्यावर लिहिणार नाही, आणि ‘का’ विचारणाऱ्या एकाही मुलाला मी खाली बसवणार नाही.