राजुऱ्याची 3 हजार 54 मते

महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीची मतमोजणी 23 नोव्हेंबर 2024 रोजी झाली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा मतदारसंघात भारतीय जनता पक्षाचे देवराव भोंगळे यांनी काँग्रेसचे तत्कालीन आमदार सुभाष धोटे यांचा 3 हजार 54 मतांनी पराभव केला. एवढ्या अल्प फरकाचा निकाल विजयी पक्षाने नम्रतेने आणि पराभूत पक्षाने संयमाने स्वीकारावा, अशी लोकशाहीत अपेक्षा असते. प्रत्यक्षात एका बाजूने गुलाल उधळून त्यास ऐतिहासिक जनादेश म्हटले गेले, तर दुसऱ्या बाजूने मतांची चोरी झाल्याची हाकाटी सुरू झाली. वर्ष उलटण्याच्या आत या आडवळणाच्या तालुक्याचे नाव दिल्लीच्या पत्रकार परिषदेत पोहोचले. 18 सप्टेंबर 2025 रोजी लोकसभेतील विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी कर्नाटकातील आळंदबरोबर राजुऱ्याचाही उल्लेख केला आणि तेथे 6 हजार 850 नावे ऑनलाइन मार्गाने घुसविण्यात आल्याचा आरोप केला. आदल्याच दिवशी, 17 सप्टेंबरला, राजुऱ्याने निजामाच्या राजवटीतून सुटका झाल्याचा दिवस साजरा केला होता. ज्या भूभागाला मतदानाचा अधिकार देशाच्या इतर भागांपेक्षा अधिक किंमत मोजून मिळाला, त्याच्या मतांविषयी बोलताना जीभ थोडी सांभाळून वापरावयास हवी होती.

आरोपाची छाननी भावनेने नव्हे, आकड्यांनी व्हावयास हवी. निवडणूक यंत्रणेने दिलेल्या उत्तरानुसार ऑक्टोबर 2024 च्या पहिल्या पंधरवड्याच्या सुमारास राजुऱ्यात नव्या नावांसाठी 7 हजार 592 अर्ज आले. पडताळणीत त्यांपैकी 6 हजार 861 अर्ज अवैध ठरले आणि नाकारले गेले. कुठे पत्ता खोटा, कुठे छायाचित्र नाही, तर कुठे त्या नावाची व्यक्तीच अस्तित्वात नाही, असा तो प्रकार होता. त्याच महिन्यात, म्हणजे मतदानापूर्वी, राजुरा पोलीस ठाण्यात गुन्हाही नोंदविण्यात आला. याचा सरळ अर्थ असा की, जी नावे यादीत शिरलीच नाहीत त्यांच्या बळावर कोणी निवडून आले, हा दावा टिकत नाही. चोर दाराशी अडविला गेला असताना घर लुटले गेल्याची फिर्याद करण्यासारखे ते आहे.

परंतु विजयी पक्षाच्या कार्यकर्त्याने एवढ्यावर समाधान मानून झोपी जाणे योग्य नाही. 6 हजार 861 ही संख्या 3 हजार 54 च्या दुपटीहून अधिक आहे. पडताळणी करणारे कर्मचारी किंचित आळशी असते, तर निकालाचा फरक गिळून टाकील एवढा खोटेपणा यादीत शिरला असता. हे अर्ज कोणी भरले, कोणाच्या सांगण्यावरून भरले आणि कोणाच्या लाभासाठी भरले, हा प्रश्न काँग्रेसचा म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. ज्याचा विजय निर्मळ आहे, त्यानेच या तपासाचा आग्रह सर्वांत आधी धरावयास हवा. ‘अर्ज नाकारले, विषय संपला’ हे उत्तर अधिकाऱ्याला शोभते. राष्ट्रकार्याची भाषा बोलणाऱ्याला ते शोभत नाही.

राजुऱ्याचा निकाल चुरशीचा लागणे यात आश्चर्य मानण्याजोगे काही नाही. 2014 मध्ये येथे भाजपचे संजय धोटे अडीच हजारांच्या आतील फरकाने निवडून आले. 2019 मध्ये सुभाष धोटे जिंकले तेही 2 हजार 501 मतांनीच, आणि तेव्हा त्यांच्यामागे दुसऱ्या क्रमांकावर होते शेतकरी चळवळीतून आलेले वामनराव चटप. 2024 मध्ये हेच चटप तिसऱ्या स्थानी राहिले तरी त्यांना 55 हजारांच्या आसपास मते पडली. शिवाय गोंडवानाच्या अस्मितेवर उभा राहणारा मतदार येथे वेगळाच आहे. कोळशाच्या खाणी, गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने, कोरपन्याचा कापूस आणि जिवतीचा डोंगर एवढ्या भिन्न वास्तवांचा हा मतदारसंघ आहे. तेव्हा 3 हजार 54 मतांना जनादेश म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, राजुऱ्यातील बहुसंख्य मतदारांनी विजयी उमेदवाराच्या नावापुढचे बटण दाबलेले नव्हते. विजय विधिसंमत आहे, पूर्ण आहे, पण तो मोठा नाही.

आणखी मागे, त्याच वर्षीच्या जूनमध्ये जावे. 4 जून 2024 रोजी लोकसभेचा निकाल लागला तेव्हा चंद्रपूरमध्ये प्रतिभा धानोरकर यांनी सुधीर मुनगंटीवार यांचा 2 लाख 60 हजार मतांनी पराभव केला आणि गडचिरोली-चिमूरमध्ये दोन वेळा खासदार राहिलेले अशोक नेते यांना नामदेव किरसान यांनी 1 लाख 41 हजारांवर मतांनी हरविले. त्या वेळी मतयंत्रे निर्दोष होती, याद्या पवित्र होत्या आणि जनता जागृत होती, असे काँग्रेसचे म्हणणे होते. साडेपाच महिन्यांनी त्याच जिल्ह्यात विधानसभेच्या सहापैकी पाच जागा भाजपला मिळाल्या आणि यंत्रे एकाएकी सदोष झाली! वरोऱ्याची आपल्या हातातली जागा खासदारांच्या बंधूंना उमेदवारी देऊन गमावली, याचा विचार करण्याऐवजी यंत्राकडे बोट दाखविणे सोपे होते. ब्रह्मपुरीत विजय वडेट्टीवार निवडून आले आणि आरमोरीची जागा काँग्रेसने भाजपकडून खेचून घेतली, तेथील यंत्रांविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

भाजपच्या बाजूला जूनमध्ये याहून फार वेगळे घडले असे म्हणता येणार नाही. राज्यघटना बदलणार असल्याच्या खोट्या प्रचाराने मतदार भुलला आणि कुणबी मते एकगठ्ठा गेली, अशी दोन उत्तरे गावोगावच्या चर्चेत तयार होती. खोटा प्रचार झाला हे सत्यच आहे. पण मुनगंटीवार स्वतःच्या बल्लारपूरमध्येही मागे पडले आणि नोव्हेंबरमध्ये त्याच बल्लारपूरने त्यांना सुमारे 26 हजारांच्या आघाडीने विजयी केले, हे या दोन उत्तरांत कोठे बसते? सोयाबीन आणि कापसाचे पडलेले भाव, धानाचे रखडलेले चुकारे, ब्रह्मपुरी-मूलच्या परिसरात शेतावर गेलेला माणूस वाघामुळे परत न येणे, सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी केलेली रस्त्यांची चाळण, हे प्रश्न मतदारासमोर रोजचे होते. त्याला भोळा ठरविले की ते ऐकण्याची गरज उरत नाही. जातीचे गणित जूनमध्ये सर्वांना पुरेसे वाटले, नोव्हेंबरमध्ये ते कोणालाही आठवले नाही.

यंत्रांवरील संशयाचा इतिहासही एका पक्षाचा नाही. 2009 च्या पराभवानंतर भाजपच्या गोटातूनच मतयंत्रांविषयी शंका उपस्थित झाल्या, जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. फरक आहे तो पुढच्या पावलाचा. सुब्रमण्यम स्वामी न्यायालयात गेले, आणि 8 ऑक्टोबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मताची कागदी पावती दाखविणारी व्हीव्हीपॅट यंत्रणा टप्प्याटप्प्याने लागू करण्याचा आदेश दिला. आज मतदाराला काचेआड जी चिठ्ठी दिसते ती त्या संशयाचे फलित आहे. 26 एप्रिल 2024 च्या निकालात याच न्यायालयाने कागदी मतपत्रिकांकडे परतण्याची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना सात दिवसांत काही यंत्रांच्या तपासणीची मागणी करण्याची मुभाही दिली. म्हणजे मार्ग खुला आहे. अमेरिकेत 2000 साली फ्लोरिडा राज्यातील 537 मतांनी अध्यक्षपदाचा निर्णय झाला, तेव्हा अल गोर सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि निकाल विरोधात जाताच त्यांनी तो मान्य केला. वीस वर्षांनी त्याच देशात पराभव अमान्य करणारा जमाव 6 जानेवारी 2021 रोजी संसद भवनात घुसला.

हरण्याची रीत याच देशात एकदा उत्तम रीतीने दाखविली गेली आहे. 17 एप्रिल 1999 रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार एका मताने कोसळले. ओडिशाचे मुख्यमंत्री होऊनही खासदारकी न सोडलेल्या गिरिधर गमांग यांनी त्या दिवशी मतदान केले होते. आक्रोश करण्यास याहून मोठे कारण कोणते हवे? वाजपेयींनी राजीनामा दिला आणि विषय जनतेच्या दरबारात नेला. मध्यावधी निवडणुकीत देशाने त्यांना कौल दिला. गंमत अशी की चंद्रपूरने दिला नाही. 1996 मध्ये हंसराज अहीर यांना निवडून देणाऱ्या या मतदारसंघाने 1998 प्रमाणे 1999 च्या मध्यावधीतही काँग्रेसचे नरेश पुगलिया यांनाच पसंती दिली. अहीर पुन्हा लोकसभेत गेले ते 2004 मध्ये, आणि नंतर 2009 व 2014 मध्येही. मधली पाच वर्षे कार्यकर्त्याने गावे पिंजून काढली.

जी निवडणूक झालीच नाही तिच्याविषयीचे मौनही येथे नोंदविले पाहिजे. चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर यांचे 30 मे 2023 रोजी निधन झाले. लोकसभेची मुदत संपण्यास तेव्हा एक वर्षाहून काही दिवस अधिक अवकाश होता, आणि कायदा सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी असे सांगतो. ती झाली नाही. पुण्याच्या रिक्त जागेविषयी मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये आयोगाला फटकारले, सर्वोच्च न्यायालयाने पुढे त्या आदेशास स्थगिती दिली आणि चंद्रपूरचा मतदार वर्षभर प्रतिनिधीविना राहिला. जागा काँग्रेसची होती म्हणून भाजपच्या कार्यकर्त्याला त्याचे सोयरसुतक वाटले नाही. काँग्रेसलाही ते फारसे वाटलेले दिसले नाही.

गडचिरोलीच्या मतदाराला मताचे मोल शिकवावे लागत नाही. नक्षलवाद्यांच्या बहिष्काराचे फलक झाडांवर लटकत असताना, मतदान पथके हेलिकॉप्टरने उतरत असताना आणि दुपारी तीनला केंद्र बंद होणार हे ठाऊक असताना वनवासी स्त्री-पुरुष पायपीट करीत रांगेत उभे राहतात. 2024 च्या लोकसभेत राज्यातील सर्वाधिक मतदान, जवळपास 72 टक्के, गडचिरोली-चिमूरमध्ये झाले. 15 ऑक्टोबर 2025 रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, त्यामागे पोलिसांच्या पराक्रमाइतकाच या रांगांचाही वाटा आहे. मत व्यर्थ आहे, ते आधीच ठरलेले असते, हेच त्या झाडावरच्या फलकांवर वर्षानुवर्षे लिहिलेले असे. आता तेच वाक्य पुराव्याविना शहरातील व्यासपीठावरून ऐकू येते. मतदार मूर्ख होता, असे पराभवानंतर म्हणणारा कार्यकर्ताही त्याच फलकाला खिळा ठोकत असतो.

याद्यांची शुद्धी ज्याला खरोखर हवी असेल, त्याच्यासाठी राजुऱ्यातच काम पडले आहे. जिवती तालुक्यातील 14 गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण ही दोन्ही राज्ये हक्क सांगत आली आहेत. तेथील असंख्य रहिवाशांची नावे वर्षानुवर्षे दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत राहिली, शिधापत्रिका दोन, शाळा दोन, सरपंचही दोन. कोणीही मते चोरलेली नसताना एकाच माणसाच्या हाती दोन मते आली. ती केवळ शासनाच्या दिरंगाईने आली. या प्रश्नावर ना मोर्चा निघतो, ना पत्रकार परिषद होते, कारण त्यात कोणत्याही एका पक्षाला दोष देता येत नाही. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याबरोबर प्रत्येक पक्षाला आपला प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आहे. परमडोलीच्या डोंगरावर चढून घरोघरी यादी वाचणारे असे प्रतिनिधी दोन्ही पक्षांनी निवडणुकीचा धुरळा बसलेला असतानाच नेमावयास हवेत.