चालते आहे, म्हणजे ठीक आहे असे नाही

आपल्या बहुतेक घरांतील कपाटात एखादे चावीचे मनगटी घड्याळ असते. आजोबांनी पेढीवर वापरलेले, किंवा लग्नात सासरकडून आलेले. पुष्कळदा ते एचएमटीचे निघते, कारण 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत हा कारखाना उभा राहिला आणि पुढची कित्येक वर्षे भारतीय मनगटावर त्याचेच राज्य होते. चावी दिली की घड्याळ टिकटिक करू लागते, आणि आपण समाधानाने ते वापरायला काढतो. नेमकी येथेच त्याची झीज सुरू होते.

अशा घड्याळाचे तोलचक्र साधारणपणे तासाला 18,000 ठोके घेते. म्हणजे आपल्या एका सामायिकाच्या 48 मिनिटांत 14,400 ठोके झाले. एवढी धावपळ ज्यांवर चालते ती चक्रांच्या आसांची पोलादी टोके केसासारखी बारीक असतात आणि लहानशा माणकांच्या छिद्रांत फिरतात. (तबकडीवरील ‘17 ज्वेल्स’ हे शब्द वाचून कोणी हुरळून जाऊ नये. ही माणके कृत्रिम असतात, आणि कोणताही जव्हेरी त्यांना कवडीचीही किंमत देणार नाही.) टोक आणि माणिक यांच्यामध्ये तेलाचा सूक्ष्म थेंब असतो. काही वर्षांत तो सुकतो, त्यात धूळ मिसळते आणि वंगणाचे काम करणारे तेलच कानशीसारखे घासू लागते. घड्याळ मात्र चालतच राहते. म्हणून नित्य वापरातील घड्याळ चार-पाच वर्षांनी, ते बंद पडण्याची वाट न पाहता, घड्याळजीकडे न्यावे. वर्षानुवर्षे पडून राहिलेले असेल, तर आधी तेलपाणी आणि मगच चावी.

तेलाविषयी आपल्या समाजाला ठाऊक असावी अशी एक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील न्यू बेडफर्ड बंदरात विल्यम नाय यांचा घड्याळाच्या तेलाचा मोठा व्यवसाय होता. थंडीत घट्ट न होणारे ते उत्कृष्ट तेल डॉल्फिनसारख्या सागरी प्राण्यांच्या जबड्यातील चरबीपासून काढले जाई. आज कृत्रिम तेले सहज मिळतात आणि ती अधिक टिकतातही. तरीही ‘सिंथेटिक तेलच घाला’ असे घड्याळजीला स्पष्ट सांगण्यात संकोच नसावा. पट्ट्याचेही तसेच आहे. चामड्याचा पट्टा सामायिकात काढून ठेवायचा आणि दिवसभर बांधायचा, ही तडजोड मला कधीच पटलेली नाही. पोलादी किंवा नायलॉनचा पट्टा अल्प खर्चात बसतो.

घड्याळ देताना आणखी एक प्रश्न विचारावा. यंत्र पूर्ण खोलून प्रत्येक भाग धुणार, की न खोलता पेट्रोलमध्ये बुडवून वरून तेल सोडणार? दुसऱ्या पद्धतीत मळ आतच राहतो. मजुरी कमी पडते, म्हणून ती पत्करू नये. बदललेला भाग परत मागावा. कारखाना बंद झाल्याने सुटे भाग आता बहुधा दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढावे लागतात, तेव्हा घड्याळजी थोडा वेळ मागेल, तो द्यावा. तबकडी नव्याने रंगवून घेण्याचा आग्रह मात्र धरू नये. डाग पडलेली मूळ तबकडी चकचकीत रंगवलेल्या तबकडीपेक्षा मोलाची असते, आणि ती रंगवल्यावर आजोबांचे घड्याळ ओळखूही येत नाही.

घरची निगा थोडीच आहे. चावी रोज ठरलेल्या वेळी द्यावी. नवकारसीची वाट पाहत बसलेले असताना हे काम आठवणीने होते. हाताला अडकल्यासारखे वाटले की थांबावे, जोर करू नये. तारखेचे घड्याळ असेल, तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख पुढे सरकवू नये. त्या वेळी आतील दाते गुंतलेले असतात व तुटू शकतात. मोबाइल आणि ध्वनिवर्धकाजवळ घड्याळ ठेवू नये. चुंबकत्व शिरले की ते अचानक पुढे पळू लागते आणि चौविहाराची वेळ त्यावर पाहणाऱ्याची पंचाईत होते. घड्याळजीकडील यंत्राने हे चुंबकत्व क्षणात निघते.

चातुर्मासात काचेच्या आत वाफ दिसली, तर ती आपोआप जाईल म्हणून थांबू नये. वाफ विरली तरी पाणी आतच असते आणि पोलादावर गंज चढू लागतो. त्याच दिवशी घड्याळ उघडून घ्यावे. घरात सेलवर चालणारी, पण सध्या पडून असलेली घड्याळे असतील, तर त्यांतील संपलेले सेलही त्याच फेरीत काढून घ्यावेत. ते पाझरले, तर आतील सगळे यंत्र खराब होते.