दुर्गम कोणासाठी?

दिवाळी आटोपली, मंडईचे दिवस सरत आले आणि धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, की आमच्या मुर्रीत माणसाला थोडी उसंत मिळते. अशाच दिवसांत मी घरात सांगून टाकलं, की यंदा सगळ्यांनी गाडीनं भामरागडला जायचं. मी, बायको, दोन पोरं आणि माय. चार दिवस.

चुलीवरचा चहा उतरायच्या आत बातमी आळीभर झाली. शेजारचे काकाजी दारात येऊन उभे राहिले.

"काऊन बाप्पा, लेकराइले घेऊन त्या जंगलात कायले मराले जातेस? जाचंच हाये त पचमढीले जा ना!"

याच काकाजींचा पोरगा दोन वर्षांपूर्वी फटफटीनं लडाखला जाऊन आला. खारदुंगला खिंडीतला त्याचा फोटो त्यांच्या बैठकीत फ्रेम करून लावला आहे. सतरा हजार फुटांच्या वर, श्वास पुरत नाही, दरड कधी कोसळेल याचा नेम नाही. तो पराक्रम! आणि आमच्या दारातून निघून सव्वातीनशे किलोमीटरवरचं आपल्याच मुलखातलं गाव म्हणजे मरण.

मला काकाजींचा राग आला नाही. ते वाईट माणूस नाहीत. राग आला तो एका शब्दाचा. 'दुर्गम'. पेपरात 'गडचिरोली' लिहिलं, की त्याच्या आधी हा शब्द आपोआप येऊन बसतो. भामरागड असलं तर 'अतिदुर्गम'. लिहिणाऱ्यालाही कळत नाही आपण तो लिहिला, वाचणाऱ्यालाही कळत नाही आपण तो वाचला. पण शब्द आपलं काम करत राहतो. या शब्दाशी माझं भांडण आहे.

दुर्गम म्हणजे जिथं जाणं कठीण ते. पण कुठून जाणं? मुर्रीहून मुंबई रेल्वेनं साडेनऊशे किलोमीटरच्या वर आहे. रात्रभर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसा, तेव्हा कुठं सकाळी मंत्रालयाच्या गावाला पाय लागतो. रायपूर आम्हाला दोनशे किलोमीटरच्या आत. मग आमच्यासाठी दुर्गम कोण? पण मुंबईला दुर्गम म्हणायची हिंमत आपल्यात नाही. अंतर मोजायची दोरी ज्याच्या हातात, तो स्वतःला मधोमध धरतो आणि बाकीच्यांना दूर.

आमच्या आज्याच्या काळी महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेला घरची बंडी जायची. तेव्हा रस्ता कसला, चाकोरीच. बंडीत तणस, तांदूळ, डाळ, एक गंज आणि पोरं. मुक्काम करत करत नवेगावबांधच्या तलावाच्या बाजूनं प्रतापगड गाठायचं. महादेवाला बेल वाहायचा, तिथल्याच दर्ग्यावर डोकं टेकवायचं आणि परत. माय लहानपणी त्या बंडीत बसली होती. वाटेतल्या गावांची नावं तिला अजून पाठ आहेत. कोणत्या गावाला विहिरीचं पाणी गोड, कोणत्या घरी बैलांना दावण मिळायची, सगळं. वाघ होते, साप होते, नदी-नाले होते. 'दुर्गम' हा शब्द मात्र तिनं त्या काळात ऐकला नव्हता. लांब होतं, एवढंच.

तर आम्ही निघालो. गोरेगाव, कोहमारा, तिथं मुंबई-कोलकात्याचा मोठा महामार्ग ओलांडून नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव आणि वडसा. वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं माहेर. हिवाळ्यात इथल्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात आणि मंडपातलं नाटक रात्रभर चालतं. आम्हीही बसलो. धाकटा दुसऱ्या अंकात झोपला, माय शेवटपर्यंत जागी. शेजारी बसलेल्या बाईनं आपल्या शालीचा अर्धा भाग मायच्या पायावर टाकला. नाव, गाव काही विचारलं नाही.

या जिल्ह्याची स्थापना २६ ऑगस्ट १९८२ ची. त्यानंतर चाळीस वर्षं उलटली तरी वडशाशिवाय दुसरं रेल्वे स्टेशन त्याला मिळालं नव्हतं. चौदा हजार चौरस किलोमीटरचा जिल्हा आणि एका टोकाला एक स्टेशन! हे डोंगरांनी केलं का? नद्यांनी केलं का? आपल्या माणसांनी कागदावर केलं. आणि मग त्याच कागदावर लिहिलं, 'दुर्गम'.

दुसऱ्या दिवशी आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी. वाट वाकडी करून मार्कंड्याला गेलो. वैनगंगा तिथं वळण घेऊन उत्तरेकडं वाहते आणि काठावर दगडी देवळं उभी आहेत, भिंतींवर मूर्तीच मूर्ती. पोरीनं विचारलं, "बाबा, हे आपल्या पुस्तकात काऊन नाही?" मी काय सांगणार?

आष्टीवरून आलापल्लीकडं निघालो तशी समोरून ट्रकांची रांग लागली. सुरजागडच्या पहाडातलं लोहखनिज वाहणारे ट्रक. रस्त्याकडेच्या झाडांची पानं लाल, घरांची कौलं लाल, सायकलवरून शाळेत जाणाऱ्या पोरींच्या ओढण्या लाल. मी गाडी कडेला घेऊन मोजायला लागलो आणि तिसावर सोडून दिलं. आता मला सांगा, डॉक्टर जायला जो मुलूख दुर्गम, मास्तर टिकायला दुर्गम, पूल बांधायला दुर्गम, तो खनिज बाहेर काढायला दुर्गम कसा नाही? तिथं बरोबर रस्ता सापडतो. रात्रीसुद्धा सापडतो.

आणि बदलीचं काय? आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही कचेरीत जा. साहेब चिडला की म्हणतो, "गडचिरोलीला फेकून देईन." म्हणजे अकरा लाख माणसं जिथं जन्मतात, लग्नं करतात, म्हातारी होतात, ती जागा आपल्या कारभाराच्या भाषेत शिक्षा आहे. शिक्षा म्हणून पाठवलेला माणूस तिथल्या आजाऱ्याकडं, तिथल्या पोराकडं कोणत्या नजरेनं बघेल? अपवाद आहेत. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथंच राहिले. त्यांना कोणी शिक्षा म्हणून पाठवलं नव्हतं. फरक तिथून सुरू होतो.

कोणी म्हणेल, "भाऊ, भीती काही हवेतून आली नाही." मान्य. १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ सुरुंग फुटला. पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक गेला. ती जागा आमच्या घरापासून फार लांब नाही. पण हिंसेच्या त्या सगळ्या वर्षांत बंदुकांच्या मधोमध जगले ते तिथलेच लोक. दोन्हीकडून संशय त्यांच्यावर, दोन्हीकडून मार त्यांना. आपण एका रात्रीच्या मुक्कामाला भ्यायचं आणि त्यांनी जन्म काढायचा, आणि वर आपल्या भीतीचं बिल त्यांच्याच गावाच्या नावावर फाडायचं? काळजी घ्या ना. हिवाळ्यात जा, आदल्या दिवशी फोन करून रस्ता विचारा, अंधाराच्या आत मुक्काम गाठा, आलापल्लीला टाकी भरून घ्या. लडाखला जाताना याच्या दहापट तयारी करता!

पण माझं दुसरं भांडण जाणाऱ्यांशी आहे, आणि त्यात मीही आलो.

आलापल्ली ते भामरागड रस्ता जंगलातून जातो. एका वळणावर डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई दिसली. सकाळचं ऊन, मागं साग. मी गाडी हळू केली, काच खाली घेतली आणि मोबाईल काढला. तिनं मोळी सावरत तोंड फिरवलं. मागच्या सीटवरून पोरगी म्हणाली, "बाबा, आजी रोवणीत वाकली असते तवा असा कोनी फोटो काढला त?"

माय खिडकीतून बाहेर बघत होती. काही बोलली नाही. मी मोबाईल ठेवून दिला. त्यानंतर बराच वेळ गाडीत कोणी बोललं नाही.

ऑस्ट्रेलियात डार्विनपासून दक्षिणेकडं जाणारा स्टुअर्ट हायवे अडीच हजार किलोमीटरच्या वर आहे. कुटुंबंच्या कुटुंबं गाडीमागं घर जोडून तो ओलांडतात. त्यांचे व्हिडिओ आमची पोरं डोळे फाडून बघतात. त्या वाळवंटाला तिकडं कित्येक वर्षं रिकामी जमीन समजलं गेलं; तिथं हजारो वर्षांपासून माणसं राहत होती. वाळवंटाच्या मधोमध उलुरू नावाचा प्रचंड खडक आहे. तो तिथल्या अनांगू लोकांचा देव-धर्म. ते सांगत राहिले, यावर चढू नका. प्रवासी चढत राहिले. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली. त्यानंतरही लोक उलुरूला जातात, खालून बघतात. काही बिघडलं नाही. जाणं आणि तुडवणं यात फरक आहे, तो त्यांना शिकावा लागला. आपल्याला कोण शिकवणार? गाडीतून पोरांपुढं बिस्किटं फेकणारे, बाजारात बायांना न विचारता कॅमेरा लावणारे, घरून पाण्याच्या बाटल्यांचं खोकं आणून रिकाम्या बाटल्या तेवढ्या तिथं टाकून येणारे आपलेच लोक आहेत. चारशे रुपयांचा चहा-नाश्ता महामार्गावरच्या हॉटेलात करतील आणि भामरागडच्या टपरीवर दहाची नोट सुद्धा मोडणार नाहीत.

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या भेटतात. पलीकडं छत्तीसगड. चहा घेताना टपरीवाल्या बाईनं भिंतीवर हात ठेवून दाखवलं, पाणी इथपर्यंत आलं होतं. पर्लकोटेला पूर आला, की पुलावरून पाणी जातं आणि पलीकडच्या गावांची वाट तुटते. बाळंतीण असो की साप चावलेला, नदी उतरायची वाट बघायची किंवा खाटेवर घालून न्यायचं. ही गोष्ट दर पावसाळ्याची. आपण तिला एक ओळ देतो, 'अतिदुर्गम भागाचा संपर्क तुटला.' जणू कोणाचा दोषच नाही.

टपरीवर एक म्हातारबाबा बसले होते. मोडक्या मराठीत त्यांनी विचारलं, कुठले?

"गोंदियाचे," मी म्हणालो. "मुर्रीचे."

त्यांनी डोळे बारीक केले आणि मान हलवली. "लय दूर राहता तुम्ही."

माय खळखळून हसली. चार दिवसांत पहिल्यांदाच एवढी. मग त्या दोघांच्या पिकाच्या गोष्टी सुरू झाल्या. धान कोणतं, मोह यंदा किती आला, डुकरं कशी हाकलता. अर्धी बोली त्यांची, अर्धी आमची. कुठंच अडलं नाही.

आता आमच्याकडंही समृद्धीसारखे रस्ते आणायच्या योजना आहेत. येऊ देत. रस्त्याला माझा विरोध नाही. ज्याच्या घरी रात्री बाळंतीण अडली आहे, तो रस्त्याला विरोध करत नाही. पण दुतर्फा कुंपण घातलेल्या रस्त्यावरून ताशी सव्वाशेनं गेलेल्या पोराला वाटेतलं एक तरी गाव कळेल का? मायला बंडीतून कळली तेवढी गावं माझ्या पोरांना कळावीत, एवढंच माझं मागणं. आणि ज्यांनी पर्लकोटेचा तो पूल डोळ्यांनी पाहिला, ते पुढच्या पावसाळ्यात बातमी वाचून पान उलटणार नाहीत. म्हणून म्हणतो, घरच्यांना घेऊन जा. थांबत जा, तिथलं खा, तिथं राहा, विचारून फोटो काढा. आणि परत आल्यावर 'दुर्गम' म्हणायच्या आधी सांगा, कोणी ठेवलं?

परतल्यावर काकाजी संध्याकाळी आले. आम्ही सगळे जिवंत आहोत हे बघून घेतलं. मग मायजवळ बसून तासभर ऐकत राहिले. उठताना मला म्हणाले, "पेट्रोल किती लागलं?"

पुढच्या हिवाळ्यात आम्ही सिरोंच्याला जाणार आहोत, प्राणहिता गोदावरीला भेटते तिथं. त्यांनी एक जागा धरून ठेवायला सांगितली आहे.